पावणेनऊ फुटांचे शहर: गॅल्व्हेस्टनच्या उंचीचे प्रकरण

1900 साली टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन शहरातली सर्वांत उंच जमीन समुद्रसपाटीपासून 8.7 फुटांवर होती. ती जागा म्हणजे शहराच्या मधून पूर्व-पश्चिम जाणारा ब्रॉडवे हा रस्ता. धनिकांचे वाडे याच रस्त्यावर उभे राहिले होते. बाकीचे बहुतेक शहर त्याच्याही खाली वसले होते. 8 सप्टेंबर 1900 च्या रात्री चक्रीवादळाने समुद्राचे पाणी 15 फुटांच्या वर चढले. अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत जीवघेणी नैसर्गिक आपत्ती या दोन आकड्यांमधल्या अंतरात घडली. मृतांचा अंदाज 6,000 ते 12,000 असा दिला जातो, सहसा 8,000 धरतात. शहराची एकूण लोकसंख्या होती 38 हजारांच्या आत.

पुढच्या अकरा वर्षांत या शहराने आपली उंचीच बदलून टाकली. समुद्राच्या बाजूने भिंत घातली आणि भिंतीमागचे शहर उचलून त्याखाली वाळू भरली. भिंत दिसते, तिच्यावरून गाडी जाते, तिचे फोटो निघतात. ह्यूस्टनमधली मराठी कुटुंबेही पाहुणे आले की त्यांना घेऊन भिंतीच्या कडेच्या सीवॉल बुलेव्हार्ड या रस्त्यावर जातात. भराव मात्र कुणाला दिसत नाही, कारण सगळे त्यावरच उभे असतात. माझ्या मते या प्रकरणातले मोठे काम भरावाचेच आहे, आणि आजचा मोठा प्रश्नही त्या भरावाला उतार कोणत्या दिशेने दिला, यातूनच आला आहे.

बेटाची ठेवण

गॅल्व्हेस्टन हे मुख्य भूमीला समांतर पसरलेले वाळूचे अरुंद बेट आहे. लांबी सुमारे 27 मैल, रुंदी कुठेही 3 मैलांपेक्षा जास्त नाही. दक्षिणेला मेक्सिकोचे आखात, उत्तरेला गॅल्व्हेस्टनची खाडी. बंदर खाडीच्या बाजूला झाले, कारण तिथले पाणी शांत. कापसाच्या निर्यातीवर शहर श्रीमंत झाले आणि स्ट्रँड नावाची मुख्य व्यापारी पेठ बंदराला लागून उत्तरेकडे उभी राहिली. घरे मात्र दक्षिणेकडे, आखाताच्या दिशेने वाढत गेली.

अशा बेटाच्या बाबतीत जमिनीच्या उंचीइतकाच समुद्राच्या तळाचा उतार महत्त्वाचा असतो. इथे आखाताचा तळ फार हळूहळू खोल होत जातो. किनाऱ्याजवळच तळ खोल असेल, तर वादळाने ढकललेले पाणी खालून परत फिरू शकते. उथळ तळावर त्याला परतायला वाट नसते, म्हणून ते किनाऱ्यावर चढते. तेवढ्याच जोराचे वादळ खोल किनाऱ्यावर जितके पाणी चढवेल, त्याच्या कितीतरी पट इथे चढवते.

बेटाला निसर्गाने थोडे संरक्षण दिले होते, ते किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांचे. एकोणिसाव्या शतकात त्या टेकड्यांची वाळू काढून शहरातल्या सखल जागा भरल्या गेल्या. म्हणजे उंची वाढवण्याची गरज लोकांना तेव्हाही कळत होती, फक्त ती चुकीच्या जागेवरून काढून आणली.

धोक्याची सूचनाही मिळाली होती. याच किनाऱ्यावर नैर्ऋत्येला इंडियानोला नावाचे बंदर होते. 1875 च्या वादळात ते मोडले, पुन्हा उभे राहिले, 1886 च्या वादळात पुन्हा मोडले, आणि मग लोकांनी ते सोडूनच दिले. त्यानंतर गॅल्व्हेस्टनमध्ये भिंतीची चर्चा झाली, पण भिंत झाली नाही. 1891 मध्ये तिथल्या हवामान कार्यालयाचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी स्थानिक वृत्तपत्रात लेख लिहून, वादळाने गॅल्व्हेस्टनचे गंभीर नुकसान होईल ही कल्पना म्हणजे निव्वळ भ्रम आहे, असे ठामपणे मांडले. उथळ तळामुळे मोठ्या लाटा दूरच फुटतील, असा त्या काळी समज होता. लाटा फुटतातही. पण पाण्याची पातळीच वर चढली, तर लाट कुठे फुटते याला फारसा अर्थ उरत नाही.

एका घराची मोजणी

8 सप्टेंबरला सकाळी वारा उत्तरेकडून होता. त्याने खाडीचे पाणी शहराच्या मागच्या बाजूने आत लोटले. त्याच वेळी आखाताचे पाणी, वारा विरुद्ध असूनही, दक्षिणेकडून चढत होते. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंचे पाणी रस्त्यांवर एकत्र आले. ही गोष्ट इथे मुद्दाम नोंदवतो. पुढच्या सगळ्या योजनेत या दोन पाण्यांपैकी एकच धरले गेले.

क्लाइन यांनी नंतर जो अहवाल दिला, तो वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात मोजमापे आहेत. त्यांचे घर 25 वा रस्ता आणि क्यू रस्ता यांच्या कोपऱ्यावर होते. तिथली जमीन 5.2 फूट उंच. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पाणी चार सेकंदांत जवळजवळ 4 फूट चढले, आणि घराभोवती जमिनीवर 10 फूट पाणी झाले. म्हणजे पातळी 15.2 फूट. त्यानंतरच्या तासाभरात आणखी जवळपास 5 फूट. त्यांच्या भक्कम घरात पन्नासेक माणसे आसऱ्याला आली होती. घर कोसळले तेव्हा त्यातली अठराच वाचली. क्लाइन यांच्या पत्नी त्यात गेल्या, त्या गरोदर होत्या.

शहराच्या पश्चिमेला अगदी किनाऱ्यावर सेंट मेरी अनाथालय होते. तिथल्या सिस्टरांनी मुलांना दोरीने स्वतःच्या अंगाशी बांधून घेतले. दहा सिस्टर आणि नव्वद मुले गेली, तीन मुलगे वाचले.

3,600 हून अधिक घरे नष्ट झाली, तरी शहराचा उत्तरेकडचा भाग बराचसा उभा राहिला. त्याचे एक कारण उंची, पण दुसरे अधिक महत्त्वाचे. मोडलेल्या घरांची लाकडे, छपरे, फर्निचर लाटांनी पुढे ढकलत नेले आणि त्याचा दुमजली घराएवढा उंच ढिगारा शहरातून वेड्यावाकड्या रेषेत साचला. त्यामागच्या इमारतींना लाटांचा थेट मार बसला नाही. समुद्राच्या बाजूने एक अडथळा असेल तर मागचे शहर तगते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. ज्या मलब्याने ते शिकवले, त्यात शेकडो माणसे गाडली गेली होती. प्रेते उचलायला कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने जुंपले गेले. समुद्रात सोडलेली प्रेते लाटांबरोबर परत किनाऱ्याला लागली, मग ती जागोजाग जाळावी लागली.

सतरा फूट कुठून मोजायचे

शहर सोडून जायचे की राहायचे, असा प्रश्न होता. इंडियानोलाचे लोक निघून गेले होते. गॅल्व्हेस्टनने राहायचे ठरवले. नवी आयोगपद्धतीची, म्हणजे काही आयुक्तांच्या मंडळाने कारभार पाहण्याची, नगरव्यवस्था 1901 मध्ये आली आणि तिने तीन अभियंत्यांचे मंडळ नेमले: लष्कराच्या अभियांत्रिकी दलातून निवृत्त झालेले हेन्री मार्टिन रॉबर्ट, अल्फ्रेड नोबल आणि गॅल्व्हेस्टनच्या बंदराचे काम जवळून माहीत असलेले एच. सी. रिप्ली. जानेवारी 1902 मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यात दोन कामे एकमेकांना बांधलेली होती: तीन मैलांहून अधिक लांबीची काँक्रीटची भिंत, आणि भिंतीमागच्या शहराची पातळी वाढवणे. वाढवलेल्या जमिनीला भिंतीपासून उत्तरेला खाडीकडे, दर 1,500 फुटांना 1 फूट अशा बेताचा उतार द्यायचा होता.

भिंतीचा माथा सरासरी ओहोटीच्या पातळीपासून 17 फूट ठरला. पायाशी रुंदी 16 फूट, माथ्याशी 5 फूट, आणि समुद्राकडचा भाग अंतर्वक्र, म्हणजे आलेली लाट वर वळून परत समुद्रात पडावी. भिंत लाकडी खुंटांवर उभी केली आणि पायथ्याशी ग्रॅनाइटचे मोठे दगड टाकले, कारण वाळूवरच्या भिंतीला खरा धोका पायथा पोखरला जाण्याचा असतो. काम ऑक्टोबर 1902 मध्ये सुरू झाले आणि 17,593 फूट लांबीचा पहिला टप्पा जुलै 1904 मध्ये पुरा झाला. त्यासाठी काउंटीने सुमारे 15 लाख डॉलरचे रोखे काढले, आणि नुकत्याच उद्ध्वस्त झालेल्या शहरातल्या लोकांनी ते विकत घेतले. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत धीराची गोष्ट हीच वाटते.

सपाटीमापन करणारा माणूस इथे लगेच विचारेल, 17 फूट कोणत्या शून्यापासून? सरासरी ओहोटीपासूनचे 17 फूट आणि सरासरी समुद्रसपाटीपासूनचे 17 फूट एक नसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शून्य स्वतःच हलते. गॅल्व्हेस्टनच्या पियर 21 वरचे भरती-ओहोटीचे मापक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नोंदी ठेवत आले आहे. अमेरिकेने 1929 मध्ये देशभराच्या उंचीसाठी जे समान मूळ ठरवले, त्यासाठी वापरलेल्या 26 मापकांत गॅल्व्हेस्टनही होते. त्या नोंदींनुसार इथे जमिनीच्या तुलनेत समुद्र शंभर वर्षांत दोन फुटांहून थोडा जास्त चढला आहे. समुद्र चढतो आहे आणि जमीनही खचते आहे, दोन्हींची बेरीज आहे ही. म्हणजे 1904 मध्ये 17 फुटांची असलेली भिंत आजच्या समुद्रापुढे तेवढी उंच उरलेली नाही.

शहराखाली वाळू

आता भराव. इमारती जॅकवर उचलण्याची कला नवी नव्हती. शिकागोने 1850 आणि 1860 च्या दशकांत गटारांसाठी रस्ते वर घेतले तेव्हा विटांच्या मोठमोठ्या इमारती स्क्रू-जॅकने वर उचलल्या होत्या. गॅल्व्हेस्टनमध्ये प्रश्न सबंध शहराचा होता, आणि एवढी वाळू आणायची कुठून हाही. या वेळी किनाऱ्यावरची वाळू काढायची नाही, हे ठरलेले होते. कंत्राट गोडहार्ट अँड बेट्स यांना मिळाले. त्यांची योजना अशी: बंदराच्या तोंडाशी ड्रेजरने वाळू उपसायची आणि ती वाळू भरलेली जहाजेच शहराच्या वस्तीत आणायची. त्यासाठी शहरातून अडीच मैल लांब, 200 फूट रुंद आणि 20 फूट खोल कालवा खणला. कालव्याच्या जागेवरची घरे तात्पुरती हलवली. ज्या शहरात पाणी शिरून हजारो माणसे मेली, त्याच शहराने वाचण्यासाठी जहाजे चालतील एवढे पाणी आपल्या मधोमध आणून घेतले.

शहराचे पाव-पाव मैलाचे चौकोन पाडले. एकेका चौकोनाभोवती बांध घातला. आतले प्रत्येक घर जॅकवर उचलले, पाण्याचे, गॅसचे आणि सांडपाण्याचे नळ, ट्रामचे रूळ, सगळे नव्या पातळीवर घेतले. मग कालव्यातल्या जहाजावरून मोठ्या नळांतून वाळू आणि पाण्याचा रबडा आत सोडला. पाणी निथळून गेले की वाळू मागे राहायची. त्यावर पुन्हा रबडा. हे होईपर्यंत लोक तिथेच राहत होते. जमिनीपासून कितीतरी फूट उंच लाकडी फळ्यांच्या वाटा घराघरांना जोडत होत्या आणि त्यांवरून शाळा, बाजार, दवाखाना चालू होता. खाली चिखल आणि साचलेल्या पाण्याची दुर्गंधी.

भराव टाकण्याचा आणि नळ उचलण्याचा खर्च सार्वजनिक होता, घर उचलण्याचा मात्र घरमालकाचा. ज्यांना परवडले त्यांनी उचलले. 2,100 हून अधिक इमारती उचलल्या गेल्या. सेंट पॅट्रिक चर्च 3,000 टनांचे, ते 700 जॅकवर 5 फूट वर घेतले. सगळ्या जॅकचे स्क्रू एकाच वेळी, थोडेथोडेच फिरवावे लागतात, नाहीतर भिंतीला तडा जातो. ज्या इमारती उचलता आल्या नाहीत, त्यांचे खालचे भाग पुरले गेले. ब्रॉडवेवरच्या 1859 च्या अ‍ॅश्टन व्हिला या विटांच्या वाड्याचे तळघर भरावाखाली गेले आणि भोवतीचे लोखंडी कुंपण आजही निम्मे जमिनीत आहे. दफनभूमीही उंचावली. जुन्या कबरी खाली राहिल्या आणि त्यांच्यावर नव्या झाल्या.

1911 पर्यंत शहरातले, चारी बाजूंनी रस्ते असलेले सुमारे 500 ब्लॉक वर आले, काही ठिकाणी काही इंच, काही ठिकाणी 10 फुटांहून अधिक. एकूण भराव 1 कोटी 63 लाख घनयार्ड. खाऱ्या रबड्याने शहरातली झाडे मेली होती. तिथल्या महिलांच्या आरोग्य संघटनेने पुन्हा ओक, ताड आणि कण्हेरी लावल्या. कण्हेर खारे वारे सोसते, म्हणून ती इतकी लावली की पुढे ती शहराची ओळख झाली.

भराव भिंतीपेक्षा मोठा का, ते इथे सांगतो. भिंतीवरून उडालेले पाणी मागे सखल जमिनीत पडले असते, तर साचून राहिले असते आणि भिंत मागूनही पोखरली गेली असती. भरावाने भिंतीला मागून आधार दिला आणि वरून आलेल्या पाण्याला उताराने वाट दिली. ऑगस्ट 1915 मध्ये 1900 च्या तोडीचे वादळ आले. भिंतीबाहेर मोठी हानी झाली, मुख्य भूमीला जोडणारा पूल मोडला. भिंतीमागच्या शहरात माणसे गेली ती अगदी मोजकी. अकरा वर्षांच्या कष्टांचे मोल त्या एका रात्रीत वसूल झाले.

काय गमावले

भिंतीपुढचा वाळूचा किनारा झिजत गेला. लाट उतरत्या वाळूवर आली की तिचा जोर पसरतो, उभ्या भिंतीवर आदळली की ती पायथ्याची वाळू घेऊन जाते. पुढे समुद्रात आडवे दगडी बांध घालावे लागले, आणि अलीकडच्या दशकांत तर किनाऱ्यावर वाळू आणून टाकावी लागते आहे.

दरम्यान व्यापार ह्यूस्टनला गेला. जानेवारी 1901 मध्ये टेक्सासमधल्याच स्पिंडलटॉपला तेल लागले, 1914 मध्ये ह्यूस्टनचा जहाजमार्ग खुला झाला, आणि मोठी जहाजे बेटाला वळसा घालून आत जाऊ लागली. ह्यूस्टनच्या कारखान्यांनी आणि नगरांनी जमिनीखालचे पाणी इतके उपसले की खाडीभोवतीची जमीन खचू लागली. ह्यूस्टनजवळच्या बेटाउनमधली ब्राउनवुड ही वस्ती आठ फुटांहून जास्त खचली. 1983 च्या अ‍ॅलिशिया वादळानंतर ती कायमची रिकामी करावी लागली. तिथे आता निसर्ग केंद्र आहे. भूजल उपशावर नियंत्रणासाठी 1975 मध्ये खास जिल्हा मंडळ स्थापले गेले, त्याचा उपयोगही झाला. पण खचलेली जमीन परत वर येत नाही.

पाठीमागून आलेले पाणी

13 सप्टेंबर 2008 च्या पहाटे आइक वादळ गॅल्व्हेस्टनला धडकले. वाऱ्याच्या मापाने ते दुसऱ्या श्रेणीचे, पण आकाराने फार मोठे. वादळ येण्याच्या एक दिवस आधीच पाणी चढू लागले होते. बेटाच्या पूर्व टोकाशी आखात आणि खाडी जोडणाऱ्या बोलिव्हरच्या सामुद्रधुनीतून ते खाडीत शिरले आणि खाडी भरली. आखाताच्या बाजूने भिंतीने आपले काम केले. शहर बुडाले ते उत्तरेकडून, म्हणजे 1902 च्या योजनेत उताराचे तोंड जिकडे ठेवले होते तिकडून. स्ट्रँडवरच्या दुकानांत काही ठिकाणी पुरुषभर पाणी झाले. टेक्सास विद्यापीठाचे वैद्यकीय केंद्र बंदराच्या बाजूला आहे, त्याच्या इमारतींचे तळमजले बुडाले आणि पुढे हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. खाऱ्या पाण्याने सुमारे 40 हजार झाडे मेली, त्यात भरावानंतर ब्रॉडवेवर लावलेले ओकही होते. जिथे भिंत नाही आणि भरावही नाही, त्या समोरच्या बोलिव्हर द्वीपकल्पावरची गिलख्रिस्ट ही वस्ती जवळजवळ पुसली गेली.

1902 च्या मंडळाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पावसाचे आणि लाटेचे पाणी कुठेतरी जायला हवे होते, आणि खाडी ही त्याची स्वाभाविक जागा होती. त्यांच्यासमोर 1900 ची रात्र होती, आणि त्या रात्री मारेकरी आखाताच्या बाजूने आला होता. पण सकाळी खाडीचे पाणी आधी रस्त्यांवर आले होते, हे त्याच दिवसाच्या नोंदींत आहे. उंची सांगताना आपण एक आकडा सांगतो, ‘भिंत 17 फूट’. पाणी मात्र सबंध कडेवरची सर्वांत खालची जागा शोधते.

आइकनंतर गॅल्व्हेस्टनमधल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे विल्यम मेरेल यांनी सबंध किनाऱ्याला अडथळा घालण्याची कल्पना मांडली. ती बदलत बदलत लष्कराच्या अभियांत्रिकी दलाच्या योजनेत उतरली आणि डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला मंजुरी दिली. पुरेसा निधी मिळणे ही वेगळी गोष्ट आहे. बोलिव्हरच्या सामुद्रधुनीवर बंद करता येतील असे प्रचंड दरवाजे, जुन्या भिंतीची उंची वाढवणे, बोलिव्हर आणि बेटाच्या पश्चिम भागात 43 मैल लांबीच्या वाळूच्या टेकड्या, आणि शहराला मागच्या बाजूने वेढणारा सुमारे 18 मैलांचा बांध. एकोणिसाव्या शतकात खरवडून नेलेल्या टेकड्या आता अब्जावधी डॉलर खर्चून परत रचायच्या आहेत.

निधी तुकड्यांत येणार असेल, तर माझे मत मागच्या बांधाच्या बाजूने आहे. समोरून शहर शंभरहून अधिक वर्षे सांभाळले गेले आहे, उघडी आहे ती पाठ. दरवाजांना सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त वर्षे लागतील. पण मागचा बांध झाला की शहराला चारी बाजूंनी परातीसारखा काठ येईल, आणि मग भरावाचा तो उतार उलटा पडेल: पाऊस नेहमीप्रमाणे खाडीकडे वाहील आणि बांधापाशी अडेल. म्हणून त्या योजनेत बांधाबरोबर पंपगृहेही धरलेली आहेत. वादळात वीज गेली तरी ती चालायला हवीत, आणि वादळ नसतानाही ती वर्षानुवर्षे राखायला हवीत. राखण्याचा हा खर्च दरवर्षी उचलायचा आहे 54 हजारांच्या आतल्या वस्तीच्या शहराला.